इंजिनाखालचं झाकण कुणासाठी?

मोटारीच्या पोटाखाली जे काळं प्लास्टिकचं झाकण असतं, ते कारखान्यात एकदा बसतं आणि गॅरेजात दहा-पंधरा वेळा निघतं. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदली धरली, तर दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा हिशेब तिथेच पंधरावर जातो. क्लच, गिअरबॉक्सचं ऑइल, रेडिएटरची गळणारी नळी ही अवांतर कामं त्यात धरलेलीही नाहीत. तरीही झाकणाची रचना ठरते ती बहुतेक वेळा त्या एकदाच्या बसवण्याच्या सोयीने. माझं मत आधीच सांगून टाकतो: झाकण किती मिनिटांत निघतं याचं कौतुक बरंच होतं, पण काम झाल्यावर ते परत गाडीला लागतं का, हे कुणी मोजत नाही. आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात ते बऱ्याचदा लागत नाही.

हे बघायला पुण्या-चाकणच्या चकचकीत वर्कशॉपपेक्षा मन्नाएखेळ्ळीसारखं ठिकाण बरं. पुणे-सोलापूर-हैदराबाद-मछलीपट्टणम हा राष्ट्रीय महामार्ग ६५, म्हणजे जुना ९ नंबर, उमरगा मागे टाकून कर्नाटकात शिरतो आणि हुमनाबादवरून जहीराबादकडे, म्हणजे तेलंगणात जातो. वाटेत बीदरचा रस्ता त्याला मिळतो तिथे हे गाव. लातूर-उदगीरची, सोलापूरची, कलबुर्गीची आणि हैदराबादची गाडी इथे सारखीच दिसते. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, मिस्त्री दख्खनीत उत्तर देतो, हिशेब कन्नडमध्ये होतो, आणि कुणाचं काही अडत नाही. बीदरच्या पठारावर तांबडी जांभ्याची माती, खाली उतरलं की काळी चिकण. दोन्ही माती गाडीच्या पोटाला वेगवेगळ्या तऱ्हेने चिकटतात. अशा हमरस्त्यावरच्या गॅरेजांत गाडी वर उचलणारी लिफ्ट क्वचित. काम चालतं ते जमिनीत खणून विटांनी बांधलेल्या खड्ड्यावर. या खड्ड्याकडे पुन्हा यायचंच आहे, कारण डिझाइनच्या टेबलावर विसरली जाणारी गोष्ट नेमकी तीच आहे.

झाकण आलं कुठून

अॅम्बॅसेडर आणि फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, यांच्या पोटाखाली झाकण नव्हतं. खाली वाकलं की इंजिन ऑइलचं चेंबर दिसायचं, गिअरबॉक्स दिसायचा, आणि सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवरचा तेलाचा डाग बघून मालकाला कळायचं की कुठलं सील गेलं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तीही खालून बहुतेक उघडीच होती, चाकाच्या बाजूने उडणारं पाणी अडवायला पातळ पडदे तेवढे असत.

युरोपात मात्र ही कल्पना फार जुनी. बर्लिनमध्ये १९२१ साली एडमुंड रुम्प्लरने थेंबाच्या आकाराची गाडी दाखवली होती. तिचा तळ त्या काळच्या मानाने कमालीचा साफ होता. १९७९ मध्ये फोक्सवॅगनने तीच जुनी गाडी हवेच्या बोगद्यात घातली, तर तिचा ड्रॅग गुणांक ०.२८ भरला. तेव्हाच्या नव्या गाड्यांनाही तो सहज जमत नव्हता. १९५५च्या सिट्रोएन डीएसचा तळही सपाट होता. पुढे डिझेल मोटारींच्या खडखडाटावर उपाय म्हणून जर्मन कंपन्यांनी इंजिनाला खालून आवाज गिळणारी झाकणं घालायला सुरुवात केली. आपल्याकडे ही पद्धत आली ती मुख्यतः डिझेल सेडान आणि युरोपी गाड्यांबरोबर. सुरुवातीला झाकणाची कामं दोनच होती: दगड अडवणं आणि आवाज अडवणं.

तिसरं काम सरकारी नियमाने दिलं. कॅफे म्हणतात ते इंधनखर्चाचे नियम २०१७-१८ पासून लागू झाले. एका कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांची सरासरी काढायची आणि ती किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आत बसवायची, असा तो हिशेब. २०२२-२३ पासून ती मर्यादा ११३ वर आली. इतके ग्रॅम कमी करायचे म्हणजे इंजिन, टायर, वजन, सगळीकडून चिमूट-चिमूट वाचवावं लागतं. गाडीला हवेकडून जो विरोध होतो, त्यातला जवळपास निम्मा वाटा चाकं आणि तळ यांच्याकडे जातो असं या विषयातले अभियंते मानतात. वरची बाजू गुळगुळीत करून झाली होतीच. मग लक्ष खाली गेलं. प्लास्टिकचा एक पत्रा तळाला लावून हवा सरळ मागे गेली, तर तो सगळ्यात स्वस्त सुधारणांपैकी एक ठरतो.

यात एक गंमत आहे. आपल्याकडे मायलेजची चाचणी ज्या चक्रावर होते, त्यात गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही, आणि बराच वेळ ती शहरी वेगात रेंगाळते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ५० वरून १०० वर गेलात की चौपट. म्हणजे झाकणाचा खरा फायदा प्रयोगशाळेत कमी आणि चौपदरी महामार्गावर जास्त. २०१८ मध्ये अशा महामार्गांवर मोटारींची वेगमर्यादा १०० केली गेली. मन्नाएखेळ्ळीवरून हैदराबादला जाणाऱ्या गाडीला ते झाकण पुण्याच्या कर्वे रस्त्यावर अडकलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त कामाचं. आणि महामार्गावरच्या गॅरेजात पहिल्या-दुसऱ्या ऑइल बदलीत निखळून, डिकीत किंवा गॅरेजच्या भिंतीला टेकून राहतं तेही तेच.

क्लिप, नट आणि माती

झाकण परत का लागत नाही, याचं उत्तर झाकणात क्वचितच असतं, ते त्याला धरून ठेवणाऱ्या वस्तूंत असतं. एखाद्या गाडीखाली जाऊन नीट बघा. पुढच्या कडेला, बंपरला जोडलेल्या सात-आठ प्लास्टिकच्या क्लिपा. मधे दहा नंबरच्या पान्याचे चार-सहा बोल्ट. बाजूला चाकाच्या आतल्या पडद्यात आणखी दोन-तीन क्लिपा किंवा स्क्रू. प्लास्टिकच्या क्लिपेला मधे एक खिळा असतो, तो दाबला की पाय फाकतात आणि क्लिप धरते. काढताना तो खिळा पेचकसाच्या टोकाने अर्धा उचलायचा असतो. नव्या गाडीत हे छान चालतं. एक पावसाळा गेला की खिळ्याभोवती चिखल बसून घट्ट होतो, पेचकस लावला की डोकं तुटतं. मिस्त्रीचा दोष म्हणून हे सोडून देता येत नाही. ती क्लिप एकदाच दाबण्यासाठी बनलेली असते, पंधरा वेळा उचलण्यासाठी नाही.

बोल्टचं दुखणं वेगळं. प्लास्टिकला किंवा पातळ पत्र्याला आटे पाडता येत नाहीत, म्हणून तिथे स्प्रिंगच्या पत्र्याचा, चिमट्यासारखा घडी घातलेला नट खोचतात. तो गंजला की बोल्टबरोबर स्वतःच फिरायला लागतो. वरून धरायला जागा नाही, खालून बोल्ट गोल-गोल फिरतो आहे, आणि गिऱ्हाईक खड्ड्याच्या काठावर उभं राहून घड्याळ बघतंय. अशा वेळी छिन्नी येते, बोल्ट उडतो, आणि परत लावताना त्या भोकात बाइंडिंग वायर किंवा केबल टाय. दोन सर्व्हिसिंगनंतर झाकण एका बाजूने लोंबतं, हवेत फडफडतं, गिऱ्हाईकच म्हणतं, “उस्ताद, काढून टाका ते, आवाज करतंय.”

जर्मन गाड्यांत बऱ्याच ठिकाणी ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात. कारखान्यातल्या मशीनला ते सोयीचे, कारण बिट घसरत नाही. पण खाच खाली तोंड करून असते आणि तिच्यात माती भरून विटेसारखी होते. ती खाच टोकदार खिळ्याने कोरून साफ केल्याशिवाय बिट बसत नाही, आणि पुरती साफ न करता लावला तर खाच गोल होते. सहा बाजूंचं साधं डोकं, त्याला अंगचीच चकती, हे आपल्या चिखलाला जास्त सोसतं. त्याचा पाना प्रत्येक गॅरेजात असतो, प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याकडे असतो.

आणखी एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट: एकाच झाकणाला दोन लांबीचे बोल्ट. काढताना सगळे एका डब्यात पडतात. लावताना लांब बोल्ट आखूड भोकात गेला की पलीकडे काहीतरी टोचतं, कधी पडदा, कधी नळी. कागदावर हा प्रश्न किरकोळ दिसतो. सगळे बोल्ट एकाच लांबीचे ठेवायला फारसं काही लागत नाही, फक्त कुणीतरी तसं ठरवावं लागतं.

लिफ्ट आणि खड्डा

आता खड्डा. कंपनीच्या वर्कशॉपात गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर डोक्याच्या वर जाते. खाली मोकळी जमीन, माणूस चारी बाजूंनी फिरू शकतो. झाकणाचे सगळे बोल्ट सोडले की ते सरळ खाली हातात येतं. कंपनीची मॅन्युअलं आणि कामाच्या वेळेचे तक्ते याच चित्रावर आधारलेले असतात.

गॅरेजातला खड्डा अडीच-तीन फूट रुंद असतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंनी चाकं जायची असतात, आणि छोट्या गाडीचीही चाकं चुकून आत जाऊ नयेत म्हणून बांधणारा थोडा अरुंदच ठेवतो. चाकापासून चाकापर्यंत पसरलेलं अखंड झाकण मात्र साडेतीन-चार फुटांचं. म्हणजे कडेचे बोल्ट खड्ड्याच्या काठावर येतात. तिथे गाडी आणि जमीन यांच्यात वीतभर जागा. हात जातो, पण पाना फिरवायला जागा नाही. सगळे बोल्ट कसेबसे निघाले तरी झाकण खड्ड्यातून सरळ खाली येत नाही. ते तिरकं करावं लागतं, आणि तिरकं करताना त्यावर साचलेली माती, पाला, तेल थेट खालच्या माणसाच्या तोंडावर. हे एकदा खड्ड्यात उतरून बघितलं की झाकण का हरवतं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

उपाय डोळ्यासमोर आहे. झाकण तीन पट्ट्यांत करायचं आणि मधली पट्टी अडीच फुटांच्या आत ठेवायची. ऑइलचा नट, फिल्टर, गिअरबॉक्सचा नट या तीन गोष्टी तिच्या वर येतील अशी. कडेच्या पट्ट्या गाडीच्या आयुष्यात दोनदाच निघाव्यात. याने सांधे वाढतात, वजन थोडं वाढतं, कारखान्यात एक-दोन बोल्ट जास्त. त्यामुळे कारखाना ते नाकारतो.

सांध्यांचा आणखी एक तिढा आहे, आणि तो मला या विषयातला सगळ्यात रंजक वाटतो. घराच्या छपरावर वरचं कौल खालच्या कौलावर चढतं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. गाडीखाली हवा पुढून मागे वाहते. म्हणून पुढच्या पट्टीची मागची कड मागच्या पट्टीच्या खालून जायला हवी, नाहीतर मागच्या पट्टीची कड हवेत उघडी पडून फावड्यासारखं काम करते. हवेसाठी हे अगदी बरोबर. पण मग मागची पट्टी काढायची तर तिला खालून धरणारी पुढची आधी सोडावी लागते. गिअरबॉक्सचं ऑइल बघायला इंजिनाखालचं झाकणही उतरवा. हवेचा क्रम आणि दुरुस्तीचा क्रम इथे एकमेकांच्या विरुद्ध जातात. यातून वाट काढता येते: कडेला थोडी पायरी पाडून दोन्ही पट्ट्या एका पातळीत आणायच्या, किंवा मागची पट्टी मागे सरकवून आकड्यातून सोडवता येईल अशी करायची. आकडे हा तर साधा आणि उत्तम उपाय. मागच्या कडेला दोन जिभा खाचेत अडकल्या की झाकण स्वतः लटकून राहतं आणि एकटा माणूस पुढचे दोन बोल्ट लावू शकतो. एका हाताने झाकण डोक्यावर तोलून दुसऱ्याने बोल्टचं भोक शोधणं, हे काम दोन माणसांचं आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजात बहुधा एकच माणूस असतो.

तेलाची धार

मग झाकण काढायचंच कशाला, नटाखाली खिडकी ठेवली की झालं, असं कुणीही म्हणेल. बऱ्याच कंपन्यांनी तसं केलं आहे. टोयोटा प्रियसच्या तिसऱ्या पिढीत झाकणाला एक पाकळी आहे, ती खाली वाकवली की नट आणि फिल्टर समोर. होंडा सिव्हिकच्या एका पिढीतही अशीच पाकळी होती. कल्पना चांगली, पण तपशिलात ती फसू शकते, आणि फसते कुठे ते धारेत दिसतं.

चेंबरचा नट अनेकदा खाली तोंड करून नसतो, मागे किंवा बाजूला तोंड करून असतो. तो सोडला की गरम ऑइल सुरुवातीला जोराने, लांब कमान करून बाहेर पडतं. चेंबर रिकामं होत जातं तशी धार जवळ-जवळ येते आणि शेवटी नटाच्या कडेवरून थेंब-थेंब ओघळते. म्हणजे धार पडण्याची जागा पहिल्या सेकंदाला एक आणि शेवटच्या मिनिटाला दुसरी. खिडकी गोल आणि बरोबर नटाखाली असेल, तर पहिली धार झाकणाच्या कडेवर आदळते आणि आत पसरते. ती लांबट हवी, धारेच्या दिशेने, आणि तिची कड खाली वळवलेली हवी, म्हणजे ओघळ आत न शिरता खाली टपकेल. फिल्टर सोडताना तर धारच नसते, पसरट ओघळ असतो. त्याला वेगळी पन्हळ लागते. शिवाय एकच झाकण पेट्रोल आणि डिझेल, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक अशा सगळ्या आवृत्त्यांना वापरायचं असतं, आणि प्रत्येकीत नट वेगळ्या जागी. मग खिडकी कुठे ठेवायची? काही कंपन्या या प्रश्नाला कंटाळून खिडकीच ठेवत नाहीत.

आत पसरलेल्या तेलाचं काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सने २०१२च्या जूनमध्ये शेवरले क्रूझ मॉडेलच्या चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कारण असं निघालं की ऑइल बदलताना सांडलेलं तेल गरम भागांवर पडून पेट घेऊ शकतं आणि ती आग इंजिनाखालच्या झाकणाला लागू शकते. उपाय काय केला? झाकणाचा काही भाग कापून टाकला, म्हणजे सांडलेलं तेल साचणार नाही. गाडीच्या सुरक्षेची दुरुस्ती म्हणून प्लास्टिक कापायची वेळ आली, इतकी ही बाब साधी आणि इतकी दुर्लक्षित.

आपल्याकडे तेलाच्या जोडीला काड असतं. सुगीच्या दिवसांत या सगळ्या पट्ट्यात रस्त्यावरच मळणी चालते. तूर, हुलगा, सोयाबीन डांबरावर पसरायचं आणि जाणाऱ्या गाड्यांनी ते मळायचं. हुलग्याचा वेल चाकाभोवती, सायलेन्सरभोवती गुंडाळून मोटार पेटल्याच्या बातम्या कर्नाटकातून अधूनमधून येतात. सपाट झाकण इथे खरं तर मदत करतं, कारण काड अडकायला कोपरे कमी राहतात. पण झाकण एका कडेने सुटलेलं असेल तर ते काड गोळा करणारं सूप होतं, आणि काड आतल्या गरम पाइपापर्यंत पोचतं. पूर्ण लावलेलं झाकण बरं, पूर्ण काढलेलंही चालेल. तारेने बांधलेलं सगळ्यात वाईट. गॅरेजवाल्याशी बोलताना हे आवर्जून सांगावं.

झाकणाचा एक तोटा कुणी जाहिरातीत लिहीत नाही: ते गळती लपवतं. जमिनीवरचा डाग आता दिसत नाही, थेंब झाकणावर पडतो, आतल्या फेल्टमध्ये जिरतो. मालकाला कळतं ते ऑइलचा दिवा लागल्यावर. फेल्टचं झाकण वजनाला हलकं, आवाजाला उत्तम, पण तेल आणि चिखल दोन्ही पितं. कडक प्लास्टिक धुता येतं, फेल्ट धुऊनही तेल सोडत नाही. शिवाय गोदामाजवळ, शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीत झाकणावरची गरम, कोरडी जागा उंदरांना फार आवडते. वायरी कुरतडल्या की सगळा खर्च तिथून सुरू होतो.

शेजारचीच उदाहरणं

मन्नाएखेळ्ळीहून उत्तरेला बीदरचा विमानतळ हवाई दलाचा आहे. २००८ पासून तिथे हॉक विमानांवर वैमानिक तयार होतात. विमानाच्या अंगावर आणि पोटावर जागोजागी झाकणं असतात आणि कोणतं झाकण कोणत्या तपासणीला उघडायचं हे आधीच ठरलेलं असतं. जी वारंवार उघडायची असतात त्यांना पाव फेऱ्यात सुटणारे आणि झाकणालाच अडकून राहणारे खिळे असतात. हा खिळा विल्यम डझसने १९३०च्या दशकात विमानांच्या इंजिनांवरच्या झाकणांसाठी बनवला. तो हरवत नाही, कारण तो झाकणातून बाहेर येत नाही. तो जास्त आवळला जात नाही, कारण पाव फेरा झाला की थांबतो. काही युरोपी मोटारींत ऑइलच्या खिडकीवर असे खिळे दिसतात. ते बोल्टपेक्षा महाग पडतात, आणि लाखो गाड्या बनवणारी कंपनी रुपयातले पैसे मोजते. पण हरवलेल्या क्लिपेची किंमत कंपनीच्या वहीत येत नाही, ती मालकाच्या खिशातून जाते. माझ्या मते या प्रश्नातली मुख्य गाठ हीच आहे.

उलट्या दिशेचं उदाहरणही जवळच आहे. जहीराबादला महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. ट्रॅक्टरचा तळ उघडा, नट मोठे, हाताला येणारे. शेतकरी बांधावर स्वतः ऑइल बदलणार हे गृहीत धरून ते बनलेलं असतं. कलबुर्गीत मुख्यालय असलेल्या कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसही खालून उघड्याच. डेपोच्या खड्ड्यावर त्या रोज तपासायच्या असतात, आणि रोज जे तपासायचं त्यावर कुणी झाकण घालत नाही. ट्रॅक्टर आणि बसला ताशी १०० चा वेग नाही, त्यामुळे हवेचा प्रश्न नाही, हे खरं. पण कोण उघडणार हे आधी ठरवून मग डिझाइन करायची पद्धत तिथे आहे, मोटारीत ती विरळ.

एक तिसरा मार्ग म्हणजे खालून जायचंच नाही. पहिल्या स्मार्ट फोर्टू गाडीच्या चेंबरला नटच नव्हता. ऑइल वरून, डिपस्टिकच्या नळीतून शोषून घ्यायचं. सुबारूने आडव्या इंजिनाचा फिल्टर वर आणला आणि त्याभोवती वाटी केली, म्हणजे सांडलं तरी तिथेच. मर्सिडीजच्या वर्कशॉपांत वरून शोषण्याची पद्धत रुळलेली आहे. पण शोषण्याचं यंत्र हमरस्त्यावरच्या गॅरेजात नसतं, आणि तळाचा गाळ नटातून निघतो तसा नळीतून निघत नाही अशी मिस्त्रींची ठाम समजूत आहे. ती पूर्ण चुकीची म्हणता येणार नाही.

कायदा कुठवर येतो

भारतात दुरुस्तीच्या हक्काची चर्चा गेल्या काही वर्षांत बरीच झाली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यांच्यावरचा ठपका. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. मॅन्युअल मिळेल, भाग मिळेल, संगणकाला जोडायची तार मिळेल. पण बोल्टला पाना पोचेल का, हे या कुठल्याच कागदात येत नाही. मॅन्युअलमध्ये “झाकण काढा” अशी एक ओळ असते, त्या ओळीत अर्धा तास जातो.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांची चाचणी करते. ब्रेक, दिवे, धूर, धडक, सगळं तिथे मोजलं जातं. ऑइल बदलायला लागणारा वेळ, तोही खड्ड्यावर, एका माणसाने, दहा हजार किलोमीटर चिखलातून चाललेल्या गाडीवर मोजून गाडीच्या कागदावर छापायला काय हरकत आहे? मायलेज छापतात, तसं हेही. हवेच्या चाचणीतही झाकण लावलेलं असताना आलेला आकडाच कंपनीला मिळतो. पाचव्या सर्व्हिसिंगनंतर त्या गाडीखाली झाकण आहे की नाही, हे कोण विचारतो?

विम्याकडूनही मदत नाही. स्पीडब्रेकरवर चेंबर फुटलं आणि गाडी तशीच चालवल्याने इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत ते परिणामी नुकसान म्हणून बसत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण जास्त पैसे देऊन घ्यावं लागतं. रस्ते काँग्रेसच्या आखणीनुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावच्या शिवेवरचे ब्रेकर कुणी आखणी बघून बांधत नाही.

म्हणूनच या भागात लोखंडी गार्डचा धंदा चालतो. वेल्डिंगवाला पत्रा कापतो, कडा वळवतो, गाडीखाली धरून खडूने खूण करतो आणि नटाखाली बरोबर भोक पाडतो. लांबट भोक, कारण धार कुठून कुठे येते हे त्याने हजारदा बघितलेलं असतं. चार जाड बोल्ट, तेरा नंबरचा पाना, संपलं. अभियंत्याच्या नजरेने त्यात दोष भरपूर: वजन, गरम हवा अडते, माती साचते, धडकेत इंजिन खाली सरकायची जागा अडते. नव्या गाडीला डोळे मिटून तो लावू नये. पण त्या गार्डकडे पाहून खिडकी कुठे आणि केवढी हवी ते कळतं, आणि हे ज्ञान चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत पोचायला फार अंतर नाही.

विजेवरच्या गाडीत प्रश्नाचं रूप पालटतं. तिथे तळ म्हणजे बॅटरीच. २०१३ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसच्या तळाला रस्त्यावरच्या लोखंडाचा मार बसून काही गाड्या पेटल्या. मार्च २०१४ मध्ये कंपनीने तळाला अॅल्युमिनियमचे दोन आणि टायटॅनियमचा एक असे तीन थर दिले. ऑइल बदली नाही, त्यामुळे खिडकीची गरज कमी. पण थंड पाण्याच्या नळ्या, मोटरच्या गिअरचं ऑइल, सस्पेन्शनचे बोल्ट तिथेही आहेत, आणि तळावर खरचटलं आहे का हे बघणं आता जास्त गरजेचं झालं आहे. ते बघायला झाकण काढावं लागत असेल, तर मार बसलेला असूनही महिनोन्महिने कुणाला कळणार नाही. निदान बॅटरीच्या कडेवर बघायच्या भोकांची जागा तरी हवी.

तोवर मालकाच्या हातात असलेलं थोडंफार सांगतो. गाडी घेण्याआधी शोरूमवाल्याला ती लिफ्टवर चढवायला सांगा आणि खालून बघा: नटाखाली खिडकी आहे का, बोल्ट एका लांबीचे आहेत का, झाकण किती तुकड्यांत आहे. ऑइल बदलायला जाताना तुमच्या गाडीच्या दहा-बारा क्लिपा सोबत ठेवा, त्या स्वस्त मिळतात आणि गॅरेजात नेमक्या त्याच नसतात. बोल्टच्या आट्यांना लावताना ग्रीसचं बोट फिरवायला सांगा. आणि मिस्त्री झाकण बाजूला ठेवून “मालक, हे लावायचं का?” असं विचारेल, तेव्हा हो म्हणा, आणि त्या लावण्याचे वेगळे पैसे द्या.